१९०/११०: बीपीचा आकडा आपल्या घरापर्यंत कसा पोचला

पोस्ट मोठी आहे. दहा-पंधरा मिनिटं लागतील. पण घरात चाळिशीच्या पुढचं कुणी असेल तर वाचाच.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. २०११ सालची गोष्ट. सकाळी अंगणात दात घासत होते, तेवढ्यात हातातला तांब्या पडला. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं कळेना. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला पोचेपर्यंत चार तास गेले. पाचव्या दिवशी अण्णा गेले. वय ६१.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची ट्रंक आवरायला घेतली. पगाराच्या जुन्या स्लिपा, पासबुक, आणि त्यात चार घड्या घातलेला एक केसपेपर. २००५ सालचा. डेपोत कुठलं तरी तपासणी शिबिर झालं होतं, तिथला. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं, बीपी १९०/११०. खाली एका गोळीचं नाव. रोज एक.

आईला विचारलं. ती म्हणाली, "महिनाभर घेतली होती ना. मग ह्यांनीच बंद केली. म्हणाले डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, उगाच कशाला गोळ्या खायच्या?"

मी बातमीदार माणूस. प्रश्न विचारायची सवय. हा प्रश्न मात्र मला आजवर सोडत नाही. आकडा माहीत होता, कागदावर लिहिलेला होता, गोळी मिळत होती. मग सहा वर्षं तो कागद ट्रंकेत का पडून राहिला?

त्याचं उत्तर शोधता शोधता मी या आकड्याच्याच मागे लागलो. हा आकडा आला कुठून? पहिल्यांदा कुणी मोजला? आणि आपल्या घरापर्यंत यायला त्याला इतकी वर्षं का लागली? जे वाचलं, समजलं, ते सांगतो.

*सुरुवात एका घोडीपासून*

इंग्लंडमध्ये लंडनजवळ टेडिंग्टन नावाच्या गावात स्टीफन हेल्स नावाचा एक पाद्री होता. देवळातलं काम सांभाळून त्याला झाडांचे, जनावरांचे प्रयोग करायचा नाद. त्याने एक घोडी आडवी पाडून बांधली, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवली आणि त्या नळीला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. रक्त त्या काचेच्या नळीत चढत गेलं आणि ८ फूट ३ इंचांवर जाऊन थांबलं. थांबलं म्हणजे काय, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली होत राहिलं. १७३३ साली त्याने हे सगळं पुस्तकात छापलं. त्या साली आपले बाजीराव पेशवे जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम काढून होते, एवढी ही जुनी गोष्ट.

रक्त नळ्यांमधून जोर लावून वाहतं आणि तो जोर मोजता येतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

आता नऊ फुटी नळी घेऊन दवाखाना चालवता येत नाही. १८२८ साली पॅरिसमध्ये प्वाझय नावाच्या तरुण डॉक्टरने त्यावर तोड काढली. पाऱ्याची नळी वापरली. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे आठ फुटांचा खांब वीतभर उंचीत बसला. आपण आजही बीपी 'मिलिमीटर पाऱ्यात' सांगतो ते तेव्हापासून. मशीनमधून पारा गेला, भाषेतून गेला नाही.

गंमत म्हणून मी हिशेब केला. हेल्सच्या घोडीचं ८ फूट ३ इंच म्हणजे पाऱ्यात साधारण १९० ते २०० मिलिमीटर. अण्णांच्या कागदावर वरचा आकडा होता तेवढाच. पण ती घोडी बांधलेली, घाबरलेली, पाय झाडणारी होती. म्हणजे जगात पहिल्यांदा मोजलेला बीपी हा भीतीने वाढलेला बीपी होता! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

*सायकलची ट्यूब आणि एक पानभर कागद*

माणसाची धमनी न कापता बीपी मोजायचा सोपा मार्ग मिळाला १८९६ साली, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्या वर्षी. इटलीतल्या तुरीन शहरात रिवा-रोची नावाच्या डॉक्टरने सायकलची रबरी ट्यूब दंडाला गुंडाळली, तिच्यात हवा भरली, आणि मनगटावरची नाडी कधी लागेनाशी होते ते बोटाने बघितलं. त्या क्षणी पारा जिथे असेल तो वरचा आकडा. इतकं साधं. १९०१ मध्ये अमेरिकेचे नावाजलेले सर्जन हार्वे कुशिंग इटलीला गेले, हे यंत्र बघून खूश झाले आणि बाल्टिमोरच्या आपल्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

पण खालचा आकडा अजून मिळत नव्हता. तो दिला रशियातल्या निकोलाय कोरोटकॉव्ह या सर्जनने. रुसो-जपानी युद्धात तो जखमी सैनिकांच्या रक्तवाहिन्यांवर काम करत होता. नळी कानाला लावून धमनीचे आवाज ऐकायची सवय तिथे लागली. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या सैनिकी वैद्यकीय अकादमीत त्याने आपली पद्धत मांडली. पट्टा सोडताना कोपराच्या खोबणीत आला लावा. पहिला टक् आवाज आला तो वरचा आकडा, आवाज नाहीसा झाला तो खालचा. सगळं मिळून एक पानसुद्धा भरलं नाही. एवढ्याशा कागदावर जगातले डॉक्टर पुढे शंभर वर्षं बीपी मोजत राहिले.

अण्णांचा केसपेपर २००५ चा. त्या पद्धतीला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं झाली होती. आकडा काढायची विद्या आपल्याकडे शतकभर होती, एवढंच मला सांगायचंय.

*आकडा कळला, पण त्याचं करायचं काय?*

आता इथे इतिहास जरा विचित्र वळण घेतो. बीपीचा आकडा वाढलेला वाईट, हे डॉक्टरांच्या बरोबरीने, काही बाबतीत आधीच, कुणाला कळलं असेल तर अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी पॉलिसी देण्याआधी बीपी मोजायला सुरुवात केली. आकडा जास्त असलेली माणसं लवकर जातात, हे त्यांना हिशेबाच्या वहीत दिसत होतं. पैशाचा मामला असला की नजर तीक्ष्ण होते.

डॉक्टर मंडळी मात्र बराच काळ वेगळंच म्हणत होती. वय झालं की रक्तवाहिन्या कडक होतात, त्यातून रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, तो शरीराला आवश्यक आहे, अशी समजूत होती. इंग्रजीत या आजाराला जे जुनं नाव आहे त्यातही हा 'आवश्यक' शब्द चिकटून बसलाय. १९३१ साली लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी तर सांगितलं की बीपीच्या पेशंटला खरा धोका तो सापडण्याचाच असतो, कारण मग कुणीतरी शहाणा तो उतरवायला बघतो!

ऐकून हसू येतं. पण आपल्या पारावर आजही काय बोलतात? "वयाप्रमाणे असायचाच तेवढा." "मशीनला हात लावला की आजार मागे लागतो." जॉन हे अजून आपल्या गावात राहतात.

*याल्टातल्या तीन खुर्च्या*

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एक फोटो असायचा. फेब्रुवारी १९४५, याल्टा परिषद. तीन खुर्च्यांवर चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन. अर्ध्या जगाचा नकाशा या तिघांनी तिथे आखला.

मधल्या खुर्चीतल्या रूझवेल्टकडे बघा. अंगावर घेतलेलं, चेहरा ओढलेला. त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं होतं. बीपी निघाला १८६/१०८. हृदय दमलेलं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, दिमतीला नौदलाचे डॉक्टर. पण देणार काय? हृदयासाठी डिजिटॅलिस, मीठ कमी, सिगारेट कमी, विश्रांती. बीपी उतरवणारी कामाची गोळीच जगात नव्हती. आणि लोकांना काय सांगितलं? साहेबांची तब्येत ठणठणीत आहे. त्याच वर्षी ते चौथ्यांदा निवडून आले.

१२ एप्रिल १९४५. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे ते आपलं चित्र काढून घ्यायला बसले होते. डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. ब्रुएनने मोजला तेव्हा वरचा आकडा ३०० च्या पुढे, खालचा १९०. मेंदूत रक्तस्राव. दुपारीच गेले. वय ६३. ते आकडे लोकांना कळायला १९७० साल उजाडावं लागलं, तेव्हा ब्रुएननेच ते लेख लिहून मांडले.

बाकीच्या दोन खुर्च्या? स्टॅलिन मार्च १९५३ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. चर्चिलना त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान असताना पक्षाघात झाला, तीही बातमी दडवली गेली. पुढे १९६५ साली ९० व्या वर्षी ते गेले तेसुद्धा पक्षाघातानेच. तीन खुर्च्या, तिन्हींवर एकच आजार.

अण्णा आणि रूझवेल्ट यांच्यात साम्य काय असणार? वय जवळपास सारखं, आकडा जवळपास सारखा, शेवट सारखा. फरक एकच. रूझवेल्टच्या काळात गोळी नव्हती. अण्णांच्या काळात होती.

*मधल्या काळात काय घडलं, आणि त्यात मुंबई कुठे आहे*

ही गोळी आली कशी, यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार जुनी ओळखीची. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो. पण जगाने लक्ष दिलं ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी पेशंटवर सर्पगंधा वापरून, आकडे नीट नोंदवून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं आणि बीपीची गोळी जगभर गेली. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातला फार मोठा मान.

लगेच जाऊन सर्पगंधेची पावडर आणू नका बरं का. त्या औषधाने मन उदास होणं, मरगळ येणं असे त्रास दिसले, म्हणून आज ते मागे पडलंय. मला त्यातून घ्यायची ती दुसरीच गोष्ट. वैद्यांना औषध शेकडो वर्षं माहीत होतं. जगाने ते मानलं कधी? कुणीतरी रोजचे आकडे वहीत लिहून दाखवले तेव्हा.

पुढे १९५८ मध्ये लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी गोळी बाजारात आली. मग एडवर्ड फ्रिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने माजी सैनिकांवर मोठा प्रयोग केला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. १९६७ मध्ये निकाल आला. औषध नसलेल्यांमध्ये २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषध घेणाऱ्यांमध्ये फक्त दोघांना. १९७० मध्ये त्यांनीच खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्यांचा निकाल दिला. तिथेही औषधाचाच फायदा.

अण्णांचा खालचा आकडा ११०. म्हणजे या दुसऱ्या गटात अण्णा बसले असते. त्यांच्या केसपेपरच्या पस्तीस वर्षं आधी जगाला उत्तर मिळालेलं होतं.

*माझा स्वतःचा कागद*

इथे मला एक कबुली द्यायचीय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मोफत तपासणी शिबिर होतं. मी बातमी करायला गेलो. संयोजक म्हणाले, "या पत्रकार, तुमचाही मोजू, फोटो चांगला येईल." मोजला. १६४/१०२. सगळे हसले. "पत्रकार म्हटल्यावर टेन्शन असणारच!" मीही हसलो. नुकताच चहा झालाय, गाडीवरून धावपळ करत आलोय, असं स्वतःला समजावलं, चिठ्ठी खिशात घातली आणि शिबिराची बातमी चार कॉलम लावली.

आठ महिने काही केलं नाही. अण्णांच्या मुलाने.

बायकोला ती चिठ्ठी पाकिटात सापडली. ती जास्त बोलत नाही. एवढंच म्हणाली, "अहो, अण्णांचा कागद तुम्हीच दाखवला होता ना मला?"

डॉक्टरांकडे गेलो तर तिथे आला १३८/८८. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहे, बघू." आता खरं काय? १६४ की १३८? जर्नालिझमच्या डिप्लोमाला आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, एकाच्या सांगण्यावर बातमी छापायची नाही, दुसरीकडून खात्री करायची. मी गावातल्या भांडणाची बातमी तीन-तीन ठिकाणी विचारून छापतो, आणि स्वतःच्या जिवाचा निकाल एका चिठ्ठीवर, तोही सोयीचा तेवढाच, लावत होतो.

मग मशीन आणलं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिलं. सरासरी आली १५१/९५. वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी दोन मिनिटं बघितली आणि गोळी चालू केली. आज १२८/८० च्या आसपास असतो.

आईचं याच्या उलट झालं. तिला बीपीची एक गोळी चालू होती. दवाखान्यात गेली की हमखास १७० च्या वर. म्हणून दुसरी गोळी वाढवली. महिन्याभरात उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली आणि एका पहाटे ती मोरीपाशी पडली. मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आणल्यावर मोजला तर १०४/६२! आठवडाभर तसाच. वही दाखवल्यावर डॉक्टरांनीच एक गोळी कमी केली. आता तिचा १२५ च्या आसपास असतो. दोष कुणाला देऊ? बाहेर पन्नास पेशंट, आत दोन मिनिटं, आणि म्हातारी पांढरा कोट बघून घाबरलेली. हेल्सच्या घोडीसारखी.

*मोजायचं घरीच, हे कुणी शोधलं?*

हा नुसता आमच्या घरचा अनुभव नाही. १९४० मध्येच अमेरिकेतल्या एमन आणि गोल्डशाइन या डॉक्टरांनी पेशंटना घरी बीपी मोजायला शिकवलं होतं. घरचे आकडे दवाखान्यापेक्षा कमी, काहींचे तर खूपच कमी आले. १९८३ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात मांचिया यांनी पेशंटच्या धमनीत बारीक नळी ठेवून सतत नोंद घेतली. डॉक्टर नुसता खाटेजवळ आला तरी पहिल्या चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ ने वाढला!

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जपानमधली. उत्तरेकडे इवाते प्रांतात ओहासामा नावाचं शेतकऱ्यांचं लहान गाव. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढं. १९८७ पासून तोहोकू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तिथे घराघरात बीपीची मशीन दिली. आरोग्यसेविकांनी कसं मोजायचं ते शिकवलं. रोज सकाळी मोजा आणि लिहा. वर्षानुवर्षं त्या वह्यांचा अभ्यास झाला आणि दिसलं की कुणाला पुढे धोका आहे, हे दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा घरच्या वहीवरून जास्त नीट कळतं. घरचा १३५/८५ म्हणजे जास्त, ही आज जगभर वापरली जाणारी रेघ ठरवण्यात त्या खेडेगावातल्या लोकांच्या वह्यांचा मोठा हात आहे. शास्त्र प्रयोगशाळेतच घडतं असं नाही, माजघरातसुद्धा घडतं.

*आता तुमच्या कामाचं*

दंडाला बांधायचं डिजिटल मशीन दीड-दोन हजारांत मिळतं. मनगटाचं शक्यतो नको. मशीन प्रमाणित आहे का ते विचारून घ्या, आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. बारीक पट्टा जाड दंडाला बांधला की आकडा खोटा वाढतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी-सिगारेट, कष्टाचं काम नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइल नको, गप्पा नकोत, टीव्हीवरची भांडणं नकोत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, उघड्या दंडावर. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. अगदी पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा, मग जास्त येईल तोच हात कायम धरा.

एखादा आकडा वर गेला म्हणून घाबरून दहा वेळा मोजू नका. घाबरलात की तो आणखी वाढतो. मात्र १८०/१२० च्या वर आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल तर मोजत बसू नका, लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. तोंड वाकडं, हात लुळा असेल तर बीपी कितीही असो, निघा. तिथे तासाचा नाही, मिनिटाचा हिशेब असतो. आमचे चार तास कुठे गेले ते मला ठाऊक आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं मोजून बीपी उतरत नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ११८२ पेशंटचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. डॉक्टरांनी घरचे आकडे बघून औषध कमी-जास्त केलं, तिथे वर्षअखेर बीपी जास्त उतरला. म्हणजे वही डॉक्टरांच्या टेबलावर पोचली पाहिजे. स्वतःच्या मनाने गोळी वाढवायची नाही, कमी करायची नाही, आणि 'बरं वाटतंय' म्हणून बंद तर मुळीच करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळे. बीपी जास्त असतानाही बहुतेकांना काहीच वाटत नाही, हीच तर त्याची चाल आहे.

मिठाचंही बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, एक छोटा चमचा. आपण दीडपट-दुप्पट खातो. भाजीतलं एकवेळ ठीक, पण वर लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण!

*आणि थोडं सार्वजनिक*

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के लोकांना बीपी जास्त होता किंवा त्याची गोळी चालू होती. म्हणजे एसटीत पन्नास मोठी माणसं बसली असतील तर दहा-बारा जण. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात बीपी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो आहे हेच माहीत नाही, आणि आटोक्यात असतो तो पाचातल्या एकाचाच.

सरकारी योजना नाहीत असं नाही. २०१७ च्या शेवटी देशातल्या पाच राज्यांत खास बीपी नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. ठरलेली गोळी, महिन्याभराचा साठा एकदम हातात, पेशंट आला नाही तर फोन, अशी साधी पद्धत. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. उपकेंद्रात बीपी मोजून मिळतो, गोळ्या फुकट असतात. त्या तिथे आहेत का, संपल्या तर कधी येणार, हे विचारणं आपलं काम. ग्रामसभेत रस्ता आणि गटार विचारतो तसं 'बीपीच्या गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे' हेही विचारा. मी तर विचारणार आहे, आणि उत्तर छापणार आहे.

दुसरं, मंडळांना विनंती. गणपतीत एका रात्रीच्या डीजेला जेवढे पैसे जातात तेवढ्यात दहा-पंधरा मशीन येतात. गल्लीला एक. बचत गटाच्या ताईंकडे ठेवा, आठवड्यासाठी एका घराला द्या, सोबत वही द्या, पुढच्या आठवड्यात पुढच्या घराला. ओहासामाने १९८७ मध्ये केलं ते आपल्याला आज जमू नये? आमच्या गल्लीत सुरुवात झालीय. मशीन माझं, वह्या वाण्याच्या दुकानातल्या, आणि हिशेब ठेवते आई, प्लॅस्टर निघाल्यापासून.

पाद्र्याची घोडी, सायकलची ट्यूब, रशियन सर्जनचा कागद, मुंबईच्या डॉक्टरांची सर्पगंधा, जपानी शेतकऱ्यांच्या वह्या. एवढा प्रवास करून तो आकडा आपल्या माजघरात आलाय. दिवसाला एक-दोन रुपयांची गोळी सोबत घेऊन आलाय. रूझवेल्टच्या नशिबात हे नव्हतं.

अण्णांचा तो केसपेपर मी टाकला नाही. आता तो ट्रंकेत नाही, बीपीच्या वहीच्या पहिल्या पानात ठेवलाय. रोज सकाळी वही उघडली की आधी तो दिसतो. १९०/११०. मग मी माझा आकडा लिहितो.

तुमच्याही घरात असा एखादा घडी घातलेला कागद असेल. आज शोधा.